पार्किंगची पावती आली? पैसे भरण्याआधी हे तपासा : पाचगणीतला फ्लॅट, भाडेपट्ट्याची जमीन आणि गाडीच्या जागेचा हक्क

पाचगणीत फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात तीन पावत्या येतात. पहिली फ्लॅटच्या किमतीची, दुसरी देखभाल खर्चाची आणि तिसरी पार्किंगची. पहिल्या दोन का भरायच्या हे सगळ्यांना कळतं. वाद होतो तो तिसरीवरून.

कुणाला बिल्डर सांगतो, "खालची जागा हवी असेल तर वेगळे पैसे." कुणाला सोसायटी दर महिन्याच्या बिलात पार्किंगची ओळ जोडून पाठवते. कुठे गेटवर ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन उभा असतो. जमीन भाडेपट्ट्यावर असेल तर त्यात आणखी एक शंका: जमीनच आपली नाही, मग गाडी लावण्याचा हक्क तरी आपला आहे का?

अशा वेळी बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "एवढे पैसे कशाचे?" कायद्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: पैसे कोण मागतंय आणि कोणत्या कागदाच्या आधारावर? त्याचं उत्तर मिळालं की निम्मा वाद तिथेच संपतो. कारण बिल्डर, सोसायटी, जमिनीचा मालक आणि ठेकेदार या चौघांचे अधिकार वेगवेगळे आहेत. एकाला जे चालतं, ते दुसऱ्याला चालत नाही.

दहिसरच्या २५ जागा आणि सर्वोच्च न्यायालय

महाराष्ट्रात पार्किंगच्या वादात ज्या निकालाचा दाखला सर्वाधिक दिला जातो, त्याची सुरुवात मुंबईतल्या दहिसर पूर्वेला झाली. नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था, असं त्या खटल्याचं नाव.

इमारतीखालच्या खांबांमधल्या, म्हणजे स्टिल्टच्या २५ पार्किंग जागा आपल्या मालकीच्या आहेत, असं बिल्डर कंपनीचं म्हणणं होतं. सोसायटीने त्या जागांवर अतिक्रमण करू नये, असा मनाई हुकूम तिने मागितला. कंपनीकडे कागदही होता. फ्लॅट घेताना प्रत्येक खरेदीदाराकडून एक हमीपत्र लिहून घेतलं होतं. या जागा फक्त बिल्डरच्या आहेत आणि त्या विकायला आमची हरकत नाही, असा त्याचा आशय होता.

मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयाने २००७ मध्ये दावा फेटाळला. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये तोच निर्णय कायम ठेवला. अखेर ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आर. एम. लोढा आणि न्या. ए. के. पटनायक यांच्या खंडपीठाने कंपनीचं अपील फेटाळलं.

या निकालात तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, स्टिल्टमधली पार्किंगची जागा म्हणजे 'फ्लॅट' नव्हे आणि 'गॅरेज'ही नव्हे. त्यामुळे ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. दुसरी, १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायद्यानुसार, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात, ही जागा सामाईक क्षेत्र आणि सुविधांमध्ये मोडते. तिसरी, खरेदीदारांनी सही केलेलं हमीपत्र कायद्याच्या विरोधात असल्याने त्यांच्यावर बंधनकारक नाही.

तिसरा मुद्दा पाचगणीतल्या खरेदीदारासाठी सर्वात उपयोगाचा आहे. "तुम्हीच सही केलीय ना?" हा प्रश्न ऐकून अनेक जण गप्प बसतात. पण कायद्याने दिलेला हक्क छापील हमीपत्रावरच्या सहीने संपत नाही.

या निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. न्यायालयाने पार्किंग फुकट असतं, असं म्हटलेलं नाही. सामाईक जागांचा खर्च बिल्डर सर्व खरेदीदारांकडून, त्यांच्या फ्लॅटच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात वसूल करू शकतो. तो किमतीत धरला गेला की तीच जागा पुन्हा एका-एकाला विकता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

२०१७ नंतर काय बदललं?

१ मे २०१७ पासून स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, पूर्णपणे लागू झाला. त्या तारखेला ज्या प्रकल्पांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता, ते आणि त्यानंतरचे प्रकल्प त्याच्या कक्षेत आले. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीतून सूट आहे. पाचगणीत लहान इमारती बऱ्याच आहेत. त्यामुळे आपला प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला आहे का, हे आधी पाहावं लागतं.

रेराने पार्किंगचे प्रकार वेगळे केले. उघड्यावरचं पार्किंग कायद्याच्या व्याख्येतच सामाईक क्षेत्र आहे. गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असलेली जागा. या दोन्हींच्या मधला प्रकार महाराष्ट्राच्या नियमांत येतो, तो म्हणजे आच्छादित पार्किंग. त्यात तळघर, स्टिल्ट, पोडियम आणि यांत्रिक पार्किंगचा समावेश होतो.

३० जुलै २०२१ रोजी महारेराने परिपत्रक काढून सांगितलं की, चटई क्षेत्र निर्देशांकात न धरलेलं खुलं पार्किंग बिल्डरला पैसे घेऊन विकता येणार नाही आणि कुणाच्या नावे करूनही देता येणार नाही. गॅरेज आणि आच्छादित पार्किंग पैसे घेऊन देता येतं. पण त्याचा प्रकार, क्रमांक, आकार आणि ठिकाण करारात लिहिलेलं हवं.

पुढे एप्रिल २०२४ मध्ये महारेराने यात आणखी भर घातली. पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा दाखवणारं जोडपत्र विक्री करारनाम्याला लावणं बंधनकारक केलं. त्याआधी करारात नुसतं 'एक कार पार्किंग' असं लिहिलेलं असायचं. ताबा घेताना कळायचं की दोन खांबांमध्ये गाडी शिरते, पण दार उघडत नाही.

थोडक्यात, इमारत जुनी आणि मोफाखालची असेल तर दहिसरचा निकाल पाहायचा. प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला असेल तर करारातलं जोडपत्र पाहायचं. खुल्या जागेच्या बाबतीत दोन्हीकडे उत्तर एकच आहे: बिल्डरला ती विकता येत नाही.

जमीन भाडेपट्ट्यावर असेल तर?

भाडेपट्ट्याच्या जमिनीवरच्या फ्लॅटमध्ये नेहमी एक युक्तिवाद ऐकू येतो: "तुम्ही मालक नाही, तुम्ही पट्टेदार. तुम्हाला खरेदीदाराचे हक्क नाहीत." या युक्तिवादाला महाराष्ट्रातच उत्तर मिळालेलं आहे आणि तेही सह्याद्रीतल्या एका डोंगरी वसाहतीच्या प्रकरणात.

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या लवासा प्रकल्पात फ्लॅट विकले गेले ते ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. ताबा लांबला म्हणून खरेदीदार महारेराकडे गेले. कंपनीने मुद्दा काढला की ही विक्री नाही, हा भाडेपट्टा आहे, त्यामुळे रेरा लागूच होत नाही. सुरुवातीला निवाडा अधिकाऱ्याने हे मान्य केलं. अपील न्यायाधिकरणाने मात्र निर्णय फिरवला. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं.

न्यायालयाने कागदाचं नाव बाजूला ठेवून व्यवहार पाहिला. मुदत ९९९ वर्षांची, किमतीचा बहुतांश भाग आधीच भरलेला आणि वार्षिक भाडं नाममात्र. अशा व्यवहाराला भाडेपट्टा म्हटलं तरी तो प्रत्यक्षात विक्रीच ठरतो. शिवाय रेरामधली 'ॲलॉटी'ची व्याख्याच फ्रीहोल्ड आणि लीजहोल्ड असे दोन्ही व्यवहार सामावून घेते. बाहेर राहतो तो फक्त फ्लॅट भाड्याने घेतलेला माणूस.

म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर फ्लॅट घेतलेल्याला पार्किंगच्या बाबतीत खरेदीदाराचेच हक्क आहेत.

जमिनीच्या मूळ मालकाचं काय? पट्टा देणारा सरकारी विभाग असो, प्राधिकरण असो वा खासगी मालक, त्याला भुईभाडं, हस्तांतर शुल्क वगैरे जे पट्ट्यात लिहिलंय तेच मागता येतं. पट्ट्यात पार्किंगच्या शुल्काचं कलम नसेल, तर नंतर नुसतं पत्र पाठवून ते लावता येत नाही. म्हणून भाडेपट्ट्याच्या इमारतीत विक्री करारनाम्याबरोबर मूळ पट्ट्याची प्रतही मिळवून ठेवावी. ती सोसायटीच्या दप्तरात असते किंवा दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळवता येते.

सोसायटी पैसे घेऊ शकते, पण ठरावाने

इथे अनेकांचा गोंधळ होतो. "सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पार्किंग विकता येत नाही, मग सोसायटी कशी पैसे घेते?" उत्तर असं की विकणं वेगळं आणि वापराचं शुल्क घेणं वेगळं.

सामाईक जागेचा कारभार सोसायटीकडे असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये ७८ ते ८५ या क्रमांकांत पार्किंगचे नियम आहेत. आपल्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधीत क्रमांक थोडे पुढेमागे असू शकतात. त्याचा सारांश असा:

• पार्किंगच्या जागा कशा वाटायच्या, हे सर्वसाधारण सभा ठरवते. मिळालेली जागा सभासदाला विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही.

• गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं.

• ज्याला जागा मिळाली, त्याने सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने शुल्क द्यायचं. गाडी रोज लावली किंवा वर्षभर लावलीच नाही, तरी शुल्क लागतं.

• एकापेक्षा जास्त जागा मिळाल्या असतील, तर प्रत्येक जागेचं वेगळं शुल्क.

तिसरा नियम पाचगणीत नेमका बोचतो. इथले अनेक फ्लॅट हे पुण्या-मुंबईतल्या कुटुंबांचं दुसरं घर आहेत. गाडी वर्षातून मोजके दिवस उभी राहते आणि शुल्क मात्र बारा महिन्यांचं येतं. "आम्ही येतच नाही" हा आक्षेप टिकत नाही. जागा नको असेल तर ती लेखी पत्र देऊन सोडून द्यावी आणि पत्राची पोच घ्यावी.

टिकतात ते आक्षेप वेगळे आहेत. दर सर्वसाधारण सभेत ठरला का? की समितीच्या बैठकीत, की नुसताच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर? सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय होता का? सगळ्यांना एकच दर आहे का, की जे क्वचित येतात त्यांनाच जास्त? मुळात जागा दिलेलीच नसताना शुल्क लावलंय का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सोसायटीला ठरावाच्या कागदावर दाखवता आलं नाही, तर मागणीचा पाया डळमळीत आहे.

इमारत सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असेल, तर तिथे घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, वाचावं लागतं. कोणती जागा सर्वांची आणि कोणती ठरावीक फ्लॅटधारकांसाठी राखीव, हे त्यात नमूद असतं.

गेटवरचा ठेकेदार, जॅमर आणि दंड

काही आवारांत पार्किंगचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलेलं असतं. अशा एजन्सीचा स्वतःचा कोणताही स्वतंत्र अधिकार नसतो. ज्याने तिला नेमलं, त्याच्याकडे जेवढा अधिकार आहे तेवढाच तिच्याकडे येतो. त्यामुळे पावती फाडणाऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्याला कोणी नेमलं आणि कोणत्या ठरावाने, हे सोसायटीला विचारावं.

दंडाचंही तसंच. आदर्श उपविधींनुसार नियम मोडल्याबद्दलचा दंड सर्वसाधारण सभा ठरवते. त्याला वर्षाला ५ हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि आधी नोटीस देऊन सभासदाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सुरक्षारक्षकाने जागेवरच सांगितलेली रक्कम या चौकटीत बसत नाही.

गाडी उचलून नेण्याचा विषय आणखी वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी बेवारस किंवा चुकीच्या जागी उभं केलेलं वाहन हटवण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याकडे आहे. सोसायटीने नेमलेल्या खासगी माणसाला हे कलम तसा अधिकार देत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. ब्रिटनमध्ये लीजहोल्ड फ्लॅटच्या आवारात खासगी पार्किंग कंपन्या सर्रास पावत्या लावतात. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खरेदी संकुलाच्या वाहनतळावर जास्त वेळ थांबलेल्या चालकाला लावलेलं ८५ पौंडांचं शुल्क वैध ठरवलं. पण २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने एका फ्लॅटधारकाच्या बाजूने निकाल दिला. सामान उतरवण्यासाठी दाराशी गाडी थांबवली म्हणून तिथे पावती लावली होती. लीजने दिलेला हक्क कंपनीच्या फलकाने हिरावता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पाहुणा फलक वाचून आत येतो आणि रहिवासी करार करून राहतो. दोघांना एकच नियम लागत नाही.

फ्लॅट भाड्याने दिला किंवा घेतला असेल तर?

लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस सोसायटीचा सभासद नसतो. त्यामुळे पार्किंगबद्दलचं पत्र फ्लॅटमालकाच्या नावाने जाणं सोयीचं. भाडेकरूने आधी स्वतःचा करार पाहावा. भाड्यात पार्किंग धरलंय का, धरलं असेल तर कोणती जागा, शुल्क कोणी भरायचं, हे त्यात हवं.

करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार तसा करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. 'पार्किंग भाड्यातच होतं' असं भाडेकरू म्हणाला आणि करार तोंडी असला, तर अडचण मालकाची आहे.

मालकांसाठीही एक हिशेब. फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. समजा सेवा शुल्क महिन्याला ३,००० रुपये आहे, तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त ३०० रुपये. 'भाडेकरूच्या गाडीचं जादा पार्किंग' असं नाव देऊन ही मर्यादा ओलांडली जात असेल, तर ठरावाची प्रत मागायला हवी.

पाचगणीत वेगळं काय?

वाईहून पसरणी घाट चढून येणारा रस्ता पाचगणीच्या मधून महाबळेश्वरला जातो. जोडून सुट्टी आली की रस्ता, बाजारपेठ आणि टेबललँडकडे जाणारी वाट गाड्यांनी भरते. अशा वेळी इमारतीच्या आवारातली एक जागा सोन्याच्या भावाची होते. सोसायटी आणि फ्लॅटधारक यांच्यातले ताण नेमके याच दिवसांत वर येतात.

जागा कमी आहे आणि ती सहज वाढवताही येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. उतारावरचं बांधकाम आणि वृक्षतोड यांवर बंधनं आहेत. मागची टेकडी खणून किंवा सिल्व्हर ओक तोडून चार गाड्यांची जागा काढू, असा ठराव सोसायटीने केला तरी तेवढ्याने काम होत नाही.

दुसरा फरक नियमावलीचा. राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यातून गिरिस्थान नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं वगळलेली आहेत. त्यामुळे पुण्यात एका फ्लॅटमागे किती पार्किंग लागतं, याचा तक्ता दाखवून पाचगणीत वाद घालता येत नाही. इथे बोलतो तो आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा. तो पाचगणी गिरिस्थान नगरपरिषदेकडे असतो. मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

नकाशा हातात आला की जागेवर जाऊन मोजणी करावी. नकाशात पार्किंग दाखवलेल्या ठिकाणी प्रत्यक्षात दुकान, गोदाम किंवा वॉचमनची खोली असेल, तर विषय शुल्काच्या पलीकडे जातो.

दाद मागायची तर क्रम कोणता?

१. कागद गोळा करा. विक्री करारनामा, मूळ भाडेपट्टा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे उपविधी आणि आजवरची बिलं. प्रकल्प महारेराचा असेल तर संकेतस्थळावरच्या प्रकल्पाच्या पानावर पार्किंगची माहिती पाहा.

२. लेखी विचारा. फोन आणि व्हॉट्सॲपवरचा वाद नंतर दाखवायला अवघड जातो. पत्र द्या आणि पोच घ्या, किंवा स्पीड पोस्टाने पाठवा.

३. बाकीचं बिल थांबवू नका. पार्किंगच्या वादात पूर्ण देखभाल खर्च अडवून ठेवणं अंगाशी येतं. आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकतं. सोसायटी निबंधकांकडून वसुली दाखला मिळवू शकते. वादातली रक्कमही 'हक्क राखून' असं लिहून भरता येते.

४. योग्य दारात जा. सोसायटी कागदपत्रांच्या प्रती देत नसेल किंवा उपविधी पाळत नसेल, तर तालुक्याच्या सहकारी संस्था निबंधक कार्यालयाकडे तक्रार करता येते. पाचगणी महाबळेश्वर तालुक्यात येतं. शुल्क किंवा ठरावच बेकायदा असल्याचं म्हणणं असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ नुसार सहकार न्यायालय.

५. बिल्डरविरुद्ध तक्रार असेल आणि प्रकल्प नोंदणीकृत असेल, तर महारेरा. तक्रार ऑनलाइन करता येते आणि मूळ शुल्क ५,००० रुपये आहे. दुसरा मार्ग सातारा जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणं चालतात आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं.

६. बिल्डरने अजून सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण करून दिलं नसेल, तर तेही मागे ठेवू नका. जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. जमीन आणि इमारत बिल्डरच्या नावावर राहते तोवर 'खालची जागा माझी' हा दावा पुन्हा पुन्हा वर येतो.

पत्रात काय लिहायचं?

पत्र लांबलचक असण्याची गरज नाही. राग नको, आरोप नकोत. एवढा मजकूर पुरतो:

"मा. सचिव, माझ्या फ्लॅटच्या अमुक महिन्याच्या बिलात पार्किंग शुल्क म्हणून अमुक रुपये आकारले आहेत. हे शुल्क ज्या सर्वसाधारण सभेत ठरले, त्या सभेची विषयपत्रिका, ठराव व इतिवृत्त यांच्या प्रती मला द्याव्यात. मला दिलेल्या पार्किंग जागेचा क्रमांक व वाटपपत्राची प्रतही द्यावी. प्रतींचे शुल्क भरण्यास मी तयार आहे. तोपर्यंत सदर रक्कम मी हक्क राखून भरत आहे. रक्कम भरली म्हणजे मागणी मान्य केली, असे समजू नये."

या पत्राला दोनच प्रकारची उत्तरं येऊ शकतात. सोसायटीकडे ठराव असेल तर प्रत मिळेल. मग दर पटला नाही तरी तो बदलण्याची जागा म्हणजे पुढची सर्वसाधारण सभा, तिथे जाऊन बोलणं आणि मत देणं. ठराव नसेल तर तेच पत्र आणि त्याची पोच निबंधकांपुढे किंवा न्यायालयात पहिला पुरावा ठरतो.

जिंकल्यावर काय मिळतं?

अपेक्षा नेमकी ठेवलेली बरी. बिल्डरने खुली जागा विकली असेल, तर ते पैसे परत मागता येतात. पण ती जागा तुमच्या एकट्याची होत नाही. ती सगळ्यांची होते आणि तिचं वाटप सोसायटी करते. ज्याने पैसे भरून जागा 'विकत' घेतली, त्यालाही पुढच्या वर्षी चिठ्ठीत नाव घालावं लागू शकतं. दहिसरच्या प्रकरणातही २५ जागा कुण्या एका फ्लॅटधारकाला मिळाल्या नाहीत, त्या सामाईक राहिल्या.

म्हणून पाचगणीत फ्लॅट पाहायला जाणाऱ्याने बाल्कनीतून दिसणाऱ्या दरीइतकंच लक्ष तळमजल्याकडे द्यावं. खाली किती गाड्या बसतात ते मोजावं, फ्लॅट किती ते विचारावं आणि दोन्ही आकडे मंजूर नकाशाशी जुळवून पाहावेत. 'पार्किंग मिळेल, काळजी नको' असं तोंडी आश्वासन मिळालं, तर तेच वाक्य जागेच्या क्रमांकासह आणि मोजमापासह करारात लिहून मागावं. लिहून द्यायला समोरचा तयार नसेल, तर बयाणा देण्याआधीच थांबलेलं चांगलं.